तिघींतली मधली : कॉनी बॉसवेल

अमेरिकेच्या लोकप्रिय संगीतात बहिणी-बहिणींनी मिळून गाण्याची एक जुनी आणि भक्कम परंपरा आहे. अँड्र्यूज सिस्टर्स, मॅग्वायर सिस्टर्स, पॉइंटर सिस्टर्स ही त्यातली जगभर गाजलेली नावे. या परंपरेची वाट ज्यांनी पाडली, त्या न्यू ऑर्लिन्सच्या तीन बॉसवेल भगिनी मात्र आज जॅझच्या जाणकारांपलीकडे फारशा कोणाला माहीत नाहीत. मार्था, कॉनी आणि व्हेट अशी त्यांची नावे. १९३१ ते १९३६ अशी जेमतेम पाच वर्षे त्यांनी अमेरिकन रेडिओ आणि ग्रामोफोनचे जग गाजवले. या तिघींतली मधली, म्हणजे कॉनी बॉसवेल, ही मुख्य गायिका होती. गाण्यांची नवी रचना बांधण्यातही तिचा वाटा मोठा होता आणि बहिणी थांबल्यावरही एकटीने गात राहिलेली ती एकटीच. एला फिट्झगेराल्डसारख्या श्रेष्ठ गायिकेने आपण सुरुवातीला हिच्यासारखेच गायचा प्रयत्न केला, असे आयुष्यभर सांगितले. कॉनीला लहानपणापासून पायांवर उभे राहता येत नव्हते. तिची सारी कारकीर्द बसून झाली.

न्यू ऑर्लिन्सचे घर

कॉनीचा जन्म ३ डिसेंबर १९०७ रोजी मिसुरी राज्यातील कॅन्सस सिटी येथे झाला. कॉन्स्टन्स फूर बॉसवेल हे तिचे पूर्ण नाव. मार्था तिच्याहून दोन वर्षांनी मोठी, तर हेल्व्हेशिया ऊर्फ व्हेट साडेतीन वर्षांनी धाकटी. चौथा क्लायडी हा सर्वांत थोरला भाऊ. वडील यीस्ट बनवणाऱ्या एका मोठ्या कंपनीत व्यवस्थापक होते. त्यांच्या नोकरीपायी कुटुंब गावे बदलत १९१४ मध्ये न्यू ऑर्लिन्सला आले आणि कॅम्प स्ट्रीटवरच्या घरात स्थिरावले.

घरात गाणे होतेच. वडीलधारी मंडळी संध्याकाळी चार आवाजांच्या मेळाने गात बसत. मुलींना मात्र रीतसर पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताचे शिक्षण देण्यात आले. मार्था पियानो, कॉनी चेलो आणि व्हेट व्हायोलिन शिकली. या शिक्षणाचा उल्लेख चरित्रपर लेखांत एका ओळीत उरकला जातो, पण पुढच्या साऱ्या कर्तृत्वाचा पाया तिथेच आहे. तिघींना स्वरलेखन वाचता आणि लिहिता येत होते. एकाच वेळी वाजणारे तीन-चार वेगवेगळे स्वर मनात स्वतंत्रपणे ऐकण्याची सवय त्यांना कोवळ्या वयातच लागली होती.

कॉनीचे पाय कशाने गेले, याच्या दोन हकीकती सांगितल्या जात. खेळगाडीवरून पडून मणक्याला इजा झाली, ही एक. अगदी लहानपणी पोलिओ झाला, ही दुसरी. आज चरित्रकारांचा कल पोलिओकडे आहे. त्या काळी या रोगावर लस नव्हती आणि त्याच्याभोवती भीती व संकोच मोठा होता. अपघाताची गोष्ट सांगणे घरच्यांना सोपे वाटले असेल, तर त्यात नवल नाही. पण घरात तिला वेगळे काढून ठेवले गेले नाही. बहिणी तिला उचलून सगळीकडे नेत, आणि दोघींच्या मध्ये कॉनी हे दृश्य पुढे रंगमंचावरही कायम राहिले. १९१८ च्या एन्फ्लुएन्झाच्या साथीत क्लायडी गेला. त्यानंतर तर तिघी एकमेकींना अधिकच धरून राहिल्या.

त्या वेळचे न्यू ऑर्लिन्स म्हणजे जॅझचे माहेरघर. गोरे आणि कृष्णवर्णीय यांच्या वस्त्या, शाळा, नाट्यगृहे सारे कायद्याने वेगळे होते, पण सुरांना अशी कुंपणे घालणे कोणाला जमत नाही. घरी कामाला येणाऱ्या कृष्णवर्णीय बायकांची गाणी मुलींच्या कानांवर पडत. शहरातील लिरिक थिएटर हे कृष्णवर्णीय प्रेक्षकांचे नाट्यगृह. तिथे आठवड्यातून एकदा मध्यरात्री फक्त गोऱ्यांसाठी खेळ होई. त्या खेळांना बॉसवेल कुटुंब जात असे. ब्लूजची पहिली ध्वनिमुद्रित गायिका म्हणून जिचे नाव घेतले जाते ती मेमी स्मिथ कॉनीने अशीच ऐकली आणि तिच्या गायकीची तिने मनापासून नक्कल केली. दुसरा आदर्श अगदी दुसऱ्या टोकाचा होता. इटालियन ऑपेरागायक एन्रिको कारुसो याच्या तबकड्या ती पुन:पुन्हा लावी आणि तो एका श्वासात केवढी ओळ पेलतो, हे ऐकत बसे. कॉनीच्या गाण्यातला दमसास आणि तिच्या आवाजाची चेलोसारखी जाड, गोल धार यांचे मूळ या दोन शाळांत आहे.

मुली मोठ्या होऊ लागल्या तसे घरी तरुण जॅझवादकांचे येणे-जाणे वाढले. त्यांत कॉर्नेटवादक एमेट हार्डी हा विशेष. त्याचे वादन ऐकलेले लोक त्याची फार वाखाणणी करीत. मात्र त्याचे एकही ध्वनिमुद्रण आज उपलब्ध नाही. क्षयाने १९२५ मध्ये, वयाच्या अवघ्या बाविसाव्या वर्षी तो गेला. या मंडळींच्या संगतीत शास्त्रीय वाद्ये मागे पडली. कॉनीने सॅक्सोफोन आणि गिटार हाती घेतले, व्हेटने बॅन्जो. आणि वाजवता वाजवता तिघी गाऊ लागल्या.

पहिली तबकडी

मार्च १९२५ मध्ये व्हिक्टर कंपनीचे ध्वनिमुद्रण पथक न्यू ऑर्लिन्सला आले होते. त्या मुक्कामात या मुलींची पहिली तबकडी निघाली. तेव्हा कॉनी १७ वर्षांची होती आणि व्हेट १३ वर्षांची. मायक्रोफोनचा वापर रुळायच्या आधीचा तो काळ. गायकाने मोठ्या कर्ण्यात तोंड घालून जोरात गायचे, अशी रीत. तबकडीच्या एका बाजूला कॉनी एकटी गायली आहे. ती ऐकताना एक शाळकरी गोरी मुलगी गाते आहे, यावर विश्वास बसत नाही. मेमी स्मिथचा खर्ज, ती फेक, तो हुंदका, सारे जसेच्या तसे. ही नक्कलच होती. मात्र ती नक्कल मागे टाकायला कॉनीला फार वर्षे लागली नाहीत.

तबकडीने लगेच काही घडले नाही. स्थानिक रेडिओ आणि नाट्यगृहांत नाव झाल्यावर १९२८ मध्ये तिघी व्हॉडव्हिलच्या दौऱ्यावर निघाल्या. व्हॉडव्हिल म्हणजे नकला, जादू, नाच, गाणी असा मिश्र खेळ. शिकागो, सॅन फ्रान्सिस्को करीत त्या १९२९ मध्ये लॉस एंजेलिसला पोहोचल्या. वाटेतच त्यांना हॅरी लीडी हा व्यवस्थापक मिळाला. पुढे १९३५ मध्ये कॉनीने त्याच्याशी लग्न केले.

लॉस एंजेलिसच्या रेडिओवर गात असतानाचा एक किस्सा प्रसिद्ध आहे. एके दिवशी कॉनीचा घसा बसला होता. जोर लावणे शक्यच नव्हते. तेव्हा तिघी मायक्रोफोनच्या अगदी जवळ सरकल्या आणि हलक्या आवाजात गायल्या. परिणाम असा काही झाला, की हीच त्यांची कायमची पद्धत ठरली. किस्सा थोडाफार रंगवलेला असेलही, पण त्यातले तत्त्व खरे आहे. मायक्रोफोन आल्यावर नाट्यगृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत आवाज फेकण्याची गरज संपली होती. ही गोष्ट ज्या थोड्या गायकांना लवकर उमगली, त्यांत बिंग क्रॉस्बी होता आणि बॉसवेल भगिनी होत्या. हळू गायल्यामुळे तिघींचे आवाज एकमेकांत असे मिसळत, की कोणता स्वर कोणाचा हे ओळखणे कठीण व्हावे.

गाण्याची मोडतोड

१९३१ मध्ये त्या न्यूयॉर्कला आल्या आणि ब्रन्सविक कंपनीसाठी त्यांची ध्वनिमुद्रणे सुरू झाली. साथीला टॉमी आणि जिमी हे डॉर्सी बंधू, ट्रम्पेटवर बनी बेरिगन, व्हायोलिनवर जो व्हेनुटी, गिटारवर एडी लँग असे त्या काळचे अव्वल वादक असत. याच वर्षी २१ जुलै रोजी सीबीएसच्या प्रायोगिक दूरचित्रवाणी केंद्राचे न्यूयॉर्कमध्ये उद्घाटन झाले. त्या पहिल्या प्रक्षेपणातही या भगिनी गायल्या. तेव्हा तो कार्यक्रम पाहण्यासाठी घरोघरी संच होतेच कुठे!

त्यांनी नेमके काय नवे केले, हे मराठी वाचकाला सांगताना थोडे थांबावे लागते. आपल्याकडे दोन बहिणी एकत्र गातात तेव्हा बहुधा दोघी एकच सुरावट गातात, नाहीतर आळीपाळीने गातात. पाश्चात्त्य हार्मनीत मात्र तिघी एकाच क्षणी तीन वेगळे स्वर लावतात आणि त्या तिन्हींचा मिळून एक रंग तयार होतो. बॉसवेल भगिनींच्या आधीही असे गाणारे गट होते. पण त्यांचे गाणे बव्हंशी सरळ रेषेत जाई. मूळ चाल एकीने गायची, बाकीच्यांनी वर-खाली आधाराचे स्वर धरायचे आणि कडव्यामागून कडवे म्हणत शेवट गाठायचा.

बॉसवेल भगिनी बाजारात आलेले ताजे गाणे घेत, पियानोभोवती बसत आणि ते सुटे करीत. लय मध्येच निम्मी होई, पुन्हा एकदम दुप्पट. गाणे मेजरमध्ये असेल, म्हणजे साधारण आपल्या बिलावलच्या स्वरांत, तर त्या मधला एखादा तुकडा मायनरमध्ये नेत. शुद्ध गंधाराच्या जागी कोमल गंधार आला, की तेच हसरे गाणे क्षणात उदास होते. षड्जच बदलून टाकणे, शब्दांऐवजी ट्रम्पेटसारखे आवाज काढणे, मूळ कवीचे शब्द बदलणे, नवी प्रस्तावना जोडणे, काहीही वर्ज्य नव्हते. शिवाय ‘बॉसवेलीज’ नावाची त्यांची एक खासगी बोली होती. आपल्याकडची मुले ‘च’ची भाषा बोलतात, त्याच धर्तीवर शब्दाच्या मध्ये ठरावीक अक्षरे घुसवून त्या लहानपणी बोलत. ही बोलीही त्यांनी ध्वनिमुद्रणांत आणली. १९३२ मधल्या ‘एव्हरीबडी लव्ह्ज माय बेबी’ या तबकडीत तीन मिनिटांच्या आत हे सारे खेळ सापडतात. तरी गाणे विस्कटत नाही, कारण तिघींचा श्वासही एकाच ठिकाणी घेतला जातो.

या रचना तिघींच्या मिळून असत आणि त्यांचे श्रेय वाटून देणे अवघड आहे. तरी साथीच्या वाद्यांनी काय वाजवावे, हे सांगण्यापर्यंत कॉनीची मजल होती. गायिकेने पुढ्यात ठेवलेले गाणे म्हणावे आणि बाकीचे पुरुष संगीत-संयोजकाने पाहावे, असा दंडक असलेल्या काळात ही गोष्ट साधी नव्हती.

सर्वांनाच हे रुचले असे नाही. चाल कळत नाही, लय फार जलद आहे, हे काय रानटी ओरडणे, अशा आशयाची श्रोत्यांची पत्रे येत. ब्रन्सविकमध्ये आणि पुढे स्वत: सुरू केलेल्या डेक्का कंपनीत त्यांची ध्वनिमुद्रणे पाहणारा जॅक कॅप हा धंद्याची उत्तम जाण असलेला माणूस. मूळ चाल श्रोत्याला स्पष्ट ऐकू आलीच पाहिजे, हा त्याचा आग्रह असे. १९३४-३५ नंतरच्या तबकड्यांत प्रयोग कमी होत गेलेले ऐकू येतात. १९३५ च्या आरंभी लोकप्रियतेच्या यादीत अग्रस्थानी पोहोचलेले त्यांचे ‘द ऑब्जेक्ट ऑफ माय अफेक्शन’ हे गोड गाणे आहे, पण १९३१-३२ मधला खट्याळपणा त्यात नाही. त्यांचे सर्वाधिक खपलेले काम हे त्यांचे सर्वोत्तम काम नव्हते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

पडद्याआडची खुर्ची

रेडिओच्या श्रोत्याला फक्त आवाज ऐकू येई. तो ऐकून या गायिका कृष्णवर्णीय असाव्यात, असा अनेकांचा समज होई. रंगमंचावर मात्र वेगळाच प्रश्न होता. पडदा वर जाण्यापूर्वी बहिणी कॉनीला उचलून आणत आणि पियानोजवळ बसवत. मार्था पियानोवर, कॉनी मध्ये, व्हेट तिच्या बाजूला. पडदा उघडे तेव्हा तिघी बसलेल्याच असत. पायघोळ पोशाखाखाली सारे झाकलेले असे. ‘द बिग ब्रॉडकास्ट’ (१९३२) आणि ‘ट्रान्सअटलांटिक मेरी-गो-राउंड’ (१९३४) अशा चित्रपटांतही कॅमेरा त्यांना बेताबेतानेच दाखवतो. दुसऱ्या चित्रपटात त्यांच्या गाण्याचे नाव चक्क ‘रॉक अँड रोल’ असे होते. त्या नावाचे संगीत यायला अजून वीस वर्षे होती. इथला संदर्भ बोटीच्या डोलण्याचा होता.

आज ही लपवाछपवी खटकते. परंतु त्याच सुमारास अमेरिकेचे अध्यक्ष असलेले फ्रँकलिन रूझवेल्ट यांनाही चालता येत नव्हते आणि वृत्तपत्रे त्यांची चाकांच्या खुर्चीतली छायाचित्रे सहसा छापत नसत. ज्या समाजात राष्ट्राध्यक्षाला ही काळजी घ्यावी लागे, तिथे एका गायिकेकडून काय अपेक्षा करणार? कॉनीने स्वत: याचे भांडवल कधी केले नाही. सहानुभूतीसाठी गाणे तिला मंजूर नव्हते.

हार्लेममधला प्रतिध्वनी

२१ नोव्हेंबर १९३४ रोजी न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातील अपोलो थिएटरमध्ये हौशी कलावंतांची स्पर्धा होती. १७ वर्षांची एक पोरकी, फाटक्या कपड्यांतली कृष्णवर्णीय मुलगी नाचण्यासाठी म्हणून आली आणि ऐनवेळी धीर सुटल्याने गायली. आईने घरी आणलेल्या कॉनी बॉसवेलच्या तबकडीवरून तिने गाणे शिकले होते, आणि त्याच ढंगात ती गायली. ती स्पर्धा जिंकली. ती मुलगी एला फिट्झगेराल्ड.

या प्रसंगातला क्रम पाहण्यासारखा आहे. मेमी स्मिथचे गाणे एका गोऱ्या मुलीने उचलले, त्यात स्वत:ची भर घातली आणि तेच गाणे रेडिओवरून एका कृष्णवर्णीय मुलीपर्यंत परत आले. पण हा प्रवास निष्पाप नव्हता. मोठ्या जाहिरातदारांचे राष्ट्रीय रेडिओ कार्यक्रम मेमी स्मिथसारख्या गायिकांना जवळजवळ बंद होते. बॉसवेल भगिनींना ते खुले होते. न्यू ऑर्लिन्समध्ये जे ऐकले तेच आपण गातो, हे त्या मान्य करीत. तरी दरवाजा कोणासाठी उघडा होता, हे विसरून चालत नाही.

इकडे मिनियापोलिसमध्ये तीन मुली रेडिओला कान लावून बॉसवेल भगिनींची गाणी जशीच्या तशी घटवीत होत्या, अगदी त्यांच्या दक्षिणी उच्चारांसकट. या अँड्र्यूज भगिनी. १९३७ च्या अखेरीस त्यांची पहिली मोठी तबकडी गाजली आणि पुढच्या दशकात त्यांनी खपाचे उच्चांक गाठले. तोवर बॉसवेल भगिनींचे गाणे थांबले होते.

फेब्रुवारी १९३६

१९३३ आणि १९३५ असे दोन युरोप दौरे, रेडिओवर क्रॉस्बीबरोबरचे कार्यक्रम, नाट्यगृहांचे करार असा जोर असतानाच १२ फेब्रुवारी १९३६ रोजी तिघींचे शेवटचे ध्वनिमुद्रण झाले. तोवर तिघींचीही लग्ने झाली होती. व्हेटचे लग्न तर काही काळ गुप्त ठेवण्यात आले होते. मार्था आणि व्हेट यांना संसार हवा होता म्हणून त्या थांबल्या, असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते. कॉनीला थांबायचे नव्हते.

मात्र या कथेला दुसरी बाजू आहे. कॉनीच्या एकटीच्या तबकड्या १९३१ पासूनच निघत होत्या. गटाचा व्यवस्थापक हाच आता तिचा नवरा होता. गर्दी खेचणारे नाव तिचे, आणि एका गायिकेचा करार तिघींच्या करारापेक्षा सुटसुटीत. दोघी बहिणी आपणहून दूर झाल्या की त्यांच्यासाठी जागाच उरली नव्हती, हे ठरवणे आज सोपे नाही. कदाचित दोन्ही गोष्टी थोड्याथोड्या खऱ्या असतील. एवढे निश्चित, की मार्था आणि व्हेट पुन्हा व्यावसायिक रंगमंचावर उभ्या राहिल्या नाहीत आणि ज्या दोघींच्या हातांवरून कॉनी रंगमंचावर येई, ते हात आता नव्हते.

तिने मग स्वत:साठी युक्त्या शोधल्या. उंच बैठकीची चाकांची खुर्ची आणि ती पूर्ण झाकणारा घेरदार झगा, त्यामुळे ती उभी राहून गाते आहे असाच भास होई.

एकटीचा आवाज

एकट्या कॉनीची कारकीर्द लहान नव्हती. १९३७ मध्ये क्रॉस्बीबरोबरचे ‘बेसिन स्ट्रीट ब्लूज’ आणि ‘बॉब व्हाइट’ गाजले. त्याच वर्षी तिने फ्लोटोच्या ‘मार्था’ या ऑपेरातील एक गंभीर आरिया बॉब क्रॉस्बीच्या वादकांना घेऊन चक्क स्विंगच्या तालावर गायली. कारुसोच्या तबकड्या ऐकत वाढलेल्या मुलीने केलेला हा गोड वात्रटपणा होता. बहिणींबरोबरची जुनी खोडी अजून शाबूत असल्याची ती खूण. ‘आर्टिस्ट्स अँड मॉडेल्स’ या १९३७ च्या चित्रपटात तिने गायलेल्या ‘व्हिस्पर्स इन द डार्क’ या गाण्याला ऑस्करचे नामांकन मिळाले.

जानेवारी १९३८ मध्ये तिने आणि बिंग क्रॉस्बीने ‘अलेक्झांडर्स रॅगटाइम बँड’ ध्वनिमुद्रित केले. या तबकडीचे मानधन रूझवेल्ट यांनी स्थापन केलेल्या पोलिओविरोधी राष्ट्रीय प्रतिष्ठानाला देण्यात आले. याच संस्थेच्या पैशावर पुढे जोनास साल्क यांच्या लशीचे संशोधन उभे राहिले आणि १९५५ मध्ये ती लस यशस्वी ठरल्याचे जाहीर झाले. ज्या रोगाने आपले पाय नेले, त्याविरुद्ध कॉनी गायली होती, हे तबकडी विकत घेणाऱ्या किती जणांना माहीत होते कोण जाणे.

दुसऱ्या महायुद्धात अनेक कलावंत सैनिकांच्या मनोरंजनासाठी परदेशी आघाड्यांवर गेले. कॉनीलाही जायचे होते. चाकांच्या खुर्चीमुळे तिला परवानगी मिळाली नाही. तेव्हा ती देशातल्या छावण्यांत आणि लष्करी रुग्णालयांत जाऊन गाऊ लागली. हातपाय गमावून परतलेल्या तरुणांपुढे तिच्या खुर्चीला झाकण्याची गरज नव्हती.

याच सुमारास तिने आपल्या नावाचे इंग्रजी स्पेलिंग बदलले. स्वाक्षऱ्या करताना ‘आय’वर टिंब देत बसण्याचा कंटाळा आला म्हणून त्या जागी ‘ई’ घातला, असे ती सांगे. देवनागरीत हा फरक दिसतच नाही. १९४४ मध्ये तिच्या नावाचा स्वतंत्र रेडिओ कार्यक्रम झाला. ‘किस द बॉइज गुडबाय’ (१९४१), ‘सिंकोपेशन’ (१९४२), ‘स्विंग परेड ऑफ १९४६’ अशा चित्रपटांत ती दिसली, पण नायिकेची भूमिका तिच्या वाट्याला येण्याचा प्रश्न नव्हता. एखादे गाणे, एखादा प्रवेश, बस्स.

तिचे एकटीचे गाणे बहिणींबरोबरच्या गाण्याच्या तोडीचे होते का? आवाज अधिक पिकला, शब्दांचे वजन वाढले, रेंगाळत लय सांभाळण्याची हातोटी तर विलक्षणच. मात्र तीन आवाजांनी जे धाडस केले होते, ते एका आवाजाला करता येण्यासारखे नव्हते. डेक्काच्या तबकड्यांत कॉनी एक उत्तम गायिका आहे. ब्रन्सविकच्या तबकड्यांत ती संगीताचे नियम बदलत होती.

१९५६ मध्ये ओरिजिनल मेम्फिस फाइव्ह या नावाखाली एकत्र आलेल्या जुन्या जॅझवादकांबरोबर तिने एक दीर्घ तबकडी केली. तिच्या उत्तरकाळातले हे सर्वांत रसरशीत काम. तोवर रॉक अँड रोलचा, खऱ्या अर्थाने त्या नावाच्या संगीताचा, काळ सुरू झाला होता. १९५९ मध्ये ‘पीट केलीज ब्लूज’ या दूरचित्रवाणी मालिकेत तिने गायिकेची भूमिका केली. त्याआधी २ जुलै १९५८ रोजी मार्था गेली. तिघींनी पुन्हा एकत्र गाण्याची शक्यता तिच्याबरोबर संपली.

पती हॅरी लीडी १ जानेवारी १९७५ रोजी वारला. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये बेनी गुडमनच्या कार्यक्रमात कॉनी गायली. तिचा हा शेवटचा जाहीर कार्यक्रम. ११ ऑक्टोबर १९७६ रोजी न्यूयॉर्कमध्ये कर्करोगाने तिचे निधन झाले. त्या वेळी ती ६८ वर्षांची होती. सर्वांत धाकटी व्हेट १२ नोव्हेंबर १९८८ पर्यंत हयात होती.

१९९८ मध्ये अमेरिकेतील व्होकल ग्रुप हॉल ऑफ फेममध्ये बॉसवेल भगिनींचा समावेश झाला. २०१४ मध्ये हिस्टॉरिक न्यू ऑर्लिन्स कलेक्शन या संस्थेने त्यांच्यावर प्रदर्शन भरवले आणि त्याच वर्षी व्हेटची नात कायला टायटस हिने ‘द बॉसवेल लेगसी’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. कॉनीने १७ व्या वर्षी कर्ण्यात तोंड घालून गायलेली ती १९२५ ची तबकडीही आता सीडीवर आणि इंटरनेटवर ऐकता येते. खरखर पुष्कळ आहे, पण मेमी स्मिथला गिरवणारी ती मुलगी नीट ऐकू येते.